बेटावरची पाहुणी

बेटावर पोचल्यावर माणसं आधी समुद्र बघतात. ताम्हणे नवरा-बायकोंनी आधी नळ आणि चादरी बघितल्या.

हरीभाऊंनी न्हाणीघरात जाऊन दोन्ही नळ पूर्ण सोडले, पाण्याला जोर किती आहे ते तळहातावर घेऊन पाहिलं आणि आतूनच ओरडले, "टाकी उंचावर नाहीये गं ह्यांची! सकाळी सगळे एकदम आंघोळीला गेले की बोंब होणार." तोवर चारुलताने गादीचा कोपरा उचलून खालची बाजू तपासली होती, उशीचा अभ्रा नाकाला लावला होता आणि "नीळ जास्त झालीय" असा निकालही दिला होता. समुद्र पायरीसमोरच होता. निळा, हिरवा, मध्येच दुधी. त्याला जरा थांबावं लागलं.

ह्यात त्या दोघांचा फारसा दोष नाही. निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या सुट्टीची उस्तवार करण्यात गेलं की स्वतःची सुट्टी अंगाला बसत नाही. कर्जतहून भिवपुरीकडे जाताना मोठा रस्ता सोडून आंब्यांच्या बाजूला वळलं की ताम्हण्यांचं 'सावली' लागतं. शनिवारी मुंबईची माणसं येतात, जेवतात, झोपतात, ओढ्यात पाय सोडून बसतात आणि रविवारी संध्याकाळी तोंडं पाडून परत जातात, अशी जी ठिकाणं आता कर्जत-खालापुरात पावलोपावली झाली आहेत, त्यांतलं हे जुनं. हरीभाऊ खोपोलीला ज्या कारखान्यात होते तो बंद पडला तेव्हा त्यांच्याकडे वडिलांनी घेऊन ठेवलेली आमराई होती आणि बायकोच्या हाताला चव होती. कल्पना आम्हा दोघांची, असं हरीभाऊ पाहुण्यांना सांगतात. कल्पना त्यांची होती. राबणं दोघांचं होतं.

चारुलता कर्जतच्या बाजारपेठेतली. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं, ती स्वतः इतिहास घेऊन बी. ए. झालेली. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं; नाहीतर वाचणारे लगेच हळहळायला लागतात. सुरुवातीची वर्षं तिला मजाच वाटली. वालाचं बिरडं, सोड्याची खिचडी, थंडीत शेताच्या बांधावर मडक्यात शेंगा भरून पोपटी लावायची, मडकं फोडलं की शेंगांचा वास आणि बायकापोरांचा आरडाओरडा. काकू, काकू करत लोक मागे फिरायचे. तिच्या बिरड्यासाठी लोक ठाण्याहून येत. कौतुक कुणाला नको असतं?

पण कौतुकही रोज रोज तेच तेच झालं की शिळ्या भातासारखं होतं. गेली काही वर्षं शुक्रवार उजाडला की चारुलताच्या कपाळावर आठी पडे. पहिली गाडी फाटकातून आत आली की ती हसे, आणि हसताना तिला स्वतःचाच राग येई. तिला थांबायचं होतं. प्रकृती उत्तम होती, हीच अडचण. आजारी पडली असती तर सगळ्यांनी समजून घेतलं असतं. कंटाळ्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळत नाही.

इकडे हरीभाऊंच्या डोक्यात नव्या खोल्या होत्या. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी चुन्याने आखणीसुद्धा करून घेतली होती. चौक गावचा मालोजी म्हणून कंत्राटदार होता, तो नुसता होकाराची वाट बघत होता. "बेटावरून आलो की सांगतो, खडी टाकायला लाग," असं हरीभाऊंनी त्याला सांगून ठेवलं होतं. खडी पडली की खोल्या होणार, खोल्या झाल्या की माणसं वाढणार, आणि मग मरेपर्यंत सुटका नाही, हे चारुलताला स्पष्ट दिसत होतं. सांगायचं तर खडी पडायच्या आत सांगायला हवं होतं.

मग घरीच का नाही सांगितलं? घरी जागा नव्हती. एवढी मोठी आमराई, पण नवरा-बायकोने बोलावं अशी एक वेळ नव्हती. सोमवारी चादरी, मंगळवारी पंपवाला, मग भाजी, मग किराणा, मग फोन, की आला शुक्रवार. दोघं दिवसभर बोलत, नाही असं नाही. गॅस मागवला का, वरच्या खोलीचा दिवा बघितला का, ठाण्याची माणसं किती वाजता येतायत. नवरा-बायको न राहता दोघं एकाच कचेरीतले दोन कारकून झाले होते.

बेटाची कल्पना मुलीची. निवेदिता बंगळूरला असते. तिने एक दिवस फोनवर विचारलं, "आई, तुम्ही दोघं आयुष्यात कधी कुठे गेलायत का गं?"

"गेलो होतो की. अष्टविनायक केले."

"ते फिरणं नव्हतं, हजेरी होती. मी तिकिटं काढतेय. अंदमानातलं छोटं बेट आहे, गर्दी नाही, गाड्या नाहीत, समुद्रावर झोपड्या आहेत. त्या आठवड्यात पाहुणे घ्यायचे नाहीत. बाबांना सांग, माझी शपथ आहे."

निघायच्या आदल्या दिवशी चारुलता बॅग भरत होती आणि भागी दारात बसून लसूण सोलत होती. भागी डोंगराकडच्या ठाकरवाडीतली. 'सावली'त पहिला पाहुणा आला तेव्हापासून ती चारुलताच्या बरोबरीने चुलीशी आहे, आणि चारुलताच्या मनातलं सगळं तिला ठाऊक असतं, कारण चारुलता भांडी आपटत स्वतःशी बोलते.

"मंग सांगनार ना वैनी तितं?" भागीने विचारलं.

"बघू."

"बघू काय? दादा काय वाघ हायेत? माझ्या म्हाताऱ्याला मी रोज चार गोष्टी सुनावते, अजून जित्ता हाय."

"तुझं सोपं आहे गं. आणि मी बंद केलं तर तुझं काय?"

भागी इतकी हसली की लसणाची सालं उडाली. "माझं? अवो, कर्जतात रिसाटं का कमी हायत? ह्या वळनाला येक, त्या वळनाला येक. समदी बोलावत्यात मला. तुमच्यापायी जात नाय मी. माझी काळजी करून ऱ्हायलात व्हय इतकी वर्सं?"

चारुलताला जरा रागच आला. आपण इतकी वर्षं मनाशी धरलेलं एक चांगलं कारण ह्या बाईने लसणासारखं सोलून टाकलं.

"जावा," भागी म्हणाली, "आनि बोलूनच या. नाय बोललात तर हितं येऊ नका."

तर अशी ती बेटावर आली, मनात एकच वाक्य घेऊन. आणि ते वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर येईना.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या मांडवात दोघं समोरासमोर बसले. मांडव गवताने शाकारलेला, तीन बाजूंनी उघडा, खाली वाळू. चारुलता म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"थांब, थांब," हरीभाऊ कुजबुजले, "तो वाढपी बघ. समोरच्या म्हातारबुवांचं जेवण संपलं नाही अजून आणि ह्याने ताट उचललं. असं आपल्याकडे कधी झालंय?"

"नाही झालं."

"हां, तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही. आमटी बरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने बिछाना आवरला, चादरीच्या घड्या केल्या, चहाचे कप विसळून पालथे घातले आणि केरसुणी शोधायला लागली. खोली आवरायला येणारी बाई, मूळची रांचीकडची पण तिथेच वाढलेली, दारात उभी राहून बघत राहिली आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आंटी, मेरा काम मत खाओ."

चारुलता ओशाळली. खरं तर तिला पाहुण्यांनी केर काढलेला अजिबात खपत नसे. एकदा डोंबिवलीच्या एक बाई स्वयंपाकघरात येऊन तिच्या ओट्यावर फडकं मारायला लागल्या, तेव्हा तिला वाटलं होतं, ह्या मला मदत करतायत की नापास करतायत?

मग ती समुद्रात गेली. उथळ होता, गुडघ्याएवढा, आणि तळ स्वच्छ दिसत होता. ती सलवार वर खोचून उभी राहिली, मग कंटाळून सरळ पाण्यात बसली. कोमट पाणी. पायाच्या अंगठ्याशी एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा आला, त्याने अंगठ्याची चौकशी केली आणि गेला. मागे हरीभाऊ माळ्याशी बोलत होते. माळी नारळाच्या झावळ्यांचं काय करतो हे त्यांना हवं होतं.

पाण्यात बसल्या बसल्या तिला ओढ्याकाठचे पाहुणे आठवले. दर शनिवारी कुणीतरी दगडावर बसलेलं असायचं. तास तास. पुस्तक नाही, फोन नाही, बोलणं नाही. त्यांना चहा नेऊन देताना ती मनात म्हणायची, एवढ्या लांब येऊन हे लोक नुसते बसतात? बसायला घरी काय खुर्च्या नाहीत? आता ती स्वतः तशीच बसली होती आणि तिला कळत होतं की त्यांना ओढा नको होता, डोंगर नको होता, तिचं बिरडंसुद्धा खरं म्हणजे नको होतं. दुपारी काय शिजवायचं ह्याचा विचार दुसरं कुणीतरी करतंय, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तो विचार करणारं दुसरं कुणीतरी म्हणजे आपण, इतकी वर्षं. त्या विचाराने तिला कडू वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण लोकांना खरंच काहीतरी दिलं, असं वाटलं. आणि आता देऊन झालं, असंही तितकंच वाटलं.

हे हरीभाऊंना सांगावं म्हणून ती उठली, निथळत वर आली.

"अगं, ऐक," हरीभाऊ लांबूनच म्हणाले, "हे लोक झावळ्यांची कुंपणं करतात. आपल्या नव्या खोल्यांना मागून तसंच करू. मस्त दिसेल."

ती खोलीत जाऊन कपडे बदलून आली.

संध्याकाळी दोघं वाळूवरून फिरायला गेले. त्या बाजूला दिवस लवकर मावळतो. हरीभाऊ गप्प होते. ती गप्प होती. लाटा काही फार बोलत नव्हत्या. चालता चालता तिच्या लक्षात आलं की पंप आणि पाहुणे वजा केले तर आपल्या दोघांत विषयच उरत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी काय बोलायचो आपण? बोलायचो तर खूप. कर्जत स्टेशनवर ह्यांची गाडी यायची तेव्हा ती घ्यायला जायची, आणि घर येईपर्यंत दोघांचं बोलणं संपायचं नाही. काय होतं त्यात? आठवेना.

"उद्याचा दिवस आहे अजून," ती स्वतःशी म्हणाली. परवा दुपारची परतीची बोट होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वारा सुटला. समुद्र काळवंडला, बोटी बंद झाल्या. त्या दिवशी जे परत जाणार होते ते बॅगा घेऊन जेट्टीवर गेले आणि तसेच परत आले. नेमका रिसॉर्टचा आचारी आदल्या दिवशी दाढ काढून घ्यायला पोर्ट ब्लेअरला गेलेला, तो तिकडे अडकला. भाजीची बोट आली नाही, मासेवाला आला नाही. मॅनेजर, एक मध्यमवयीन बंगाली माणूस, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा चारुलताला ओळखीचा वाटला. 'सावली'त न सांगता दोन गाड्या जास्त आल्या की आरशात दिसायचा तोच.

हरीभाऊंच्या तोंडावर मात्र बेटावर आल्यापासून पहिल्यांदा तेज आलं.

"साब, आप गेस्ट हैं," मॅनेजर म्हणत होता.

"अरे गेस्ट-बिस्ट राहने दो," हरीभाऊंनी बाह्या वर केल्या. "अपना भी यही धंदा है. चावल है? दाल है? आलू? हो गया तो फिर!" आणि मागे वळून हाक मारली, "चारू! चल गं!"

चारुलता झाडाखाली वेताच्या खुर्चीत बसली होती. हाक ऐकताच तिचे पाय आपोआप चपलांत गेले. उठायला म्हणून तिने हात खुर्चीवर टेकलासुद्धा. मग तिने पाय चपलांतून परत बाहेर काढले आणि वाळूवर ठेवले.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

"मागून येतेस?"

"नाही."

हरीभाऊ हसले. गंमत करतेय, असं त्यांना वाटलं. ते गेले.

नुसतं बसणं इतकं कष्टाचं असतं हे चारुलताला त्या दुपारी कळलं. स्वयंपाकघर पाठीमागेच होतं. तिला सगळं ऐकू येत होतं. कांदा जाड चिरला जातोय. तेल तापायच्या आत मोहरी पडली. पातेलं लहान घेतलंय, उतू जाणार. गेलं. प्रत्येक आवाजाला तिचा हात उचलत होता. उठावं, दोन मिनिटांत सगळं मार्गी लागेल. उठून करणं सोपं होतं. ते ती झोपेतही करू शकत होती. ती बसून राहिली. समोर समुद्र आपटत होता आणि तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई वाऱ्याला घाबरलीय.

शेवटी जेवण झालं. खिचडी, बटाट्याची भाजी, तळलेले पापड. मांडव भरला होता. हरीभाऊ पंक्तीत वाढावं तसे टेबलाटेबलाशी जाऊन वाढत होते. हे त्यांना सुरेख जमतं. सुरतचं नवं जोडपं, कोलकात्याचे म्हातारे नवरा-बायको, सगळे खूश. चारुलता हात धुऊन कोलकात्याच्या बाईंशेजारी बसली होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिच्यासमोर ताट होतं आणि ताट कोरं होतं.

हरीभाऊ तिच्या टेबलापाशी आले. तेवढ्यात कोलकात्याच्या आजोबांनी आणखी खिचडी मागितली. हरीभाऊंनी पातेल्यात पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं आणि मोकळ्या आवाजात, अगदी सहज म्हणाले,

"चारू, आज तुझा उपास ना गं?"

'सावली'तला हा जुना रिवाज होता. पाहुणा अर्धपोटी उठता कामा नये, हा हरीभाऊंचा पहिला नियम. पण माणसं कधी सांगून येतात, कधी न सांगता वाढतात. काकू, आमच्याबरोबर बसा, असा पाहुण्यांचा आग्रह असायचा म्हणून चारुलता त्यांच्यात बसायची, आणि पातेल्याचा तळ दिसायला लागला की हरीभाऊ विचारायचे, आज तुझा उपास ना? की ती म्हणायची, "अगबाई, हो की! विसरलेच." आणि ताटावरून उठायची. पाहुण्यांना शंका येत नसे. उलट काकू फार देवभोळ्या म्हणून त्यांची ख्याती झाली. दादरच्या एका बाईंनी तिला चांदीचं निरांजन आणून दिलं, कुणी दर खेपेला साबुदाणा आणायचं. पहिल्या पहिल्यांदा रात्री दोघं त्यावर पोट धरून हसत. मग हरीभाऊ तिच्यासाठी स्वतः भाकरी भाजून देत, करपलेली. हसणं कधी थांबलं, भाकरी कधी थांबली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उपास तेवढे चालू राहिले.

आणि आता ते दुसऱ्याच्या मांडवात, दुसऱ्याच्या पाहुण्यांसाठी, तिला उपास सांगत होते. कावा नव्हता त्यात काही. त्यांच्या हातात पातेलं होतं आणि पातेलं हातात असलं की त्यांना हेच सुचत असे.

"नाही," चारुलता म्हणाली.

हरीभाऊंना ऐकू आलं नाही असं नाही. समजलं नाही. "अं?"

"माझा उपास नाही. कधीच नव्हता. मला भूक लागलीय. वाढा."

मराठी तिथे कुणाला कळत नव्हतं, पण आवाज कळला. कोलकात्याच्या बाईंनी हळूच विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं," चारुलता म्हणाली, "मेरे को भूख लगा है."

त्या बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हरीभाऊंकडे, आणि तिचं ताट दोन बोटांनी पातेल्याजवळ सरकवलं. बायकांना काही गोष्टी भाषेशिवाय कळतात. हरीभाऊंनी वाढलं. आजोबांना थोडी, तिला उरलेली सगळी, खालची खरवडसुद्धा. खिचडीत मीठ कमी होतं. तिने मागून घेतलं. आणि सावकाश, एकही घास न गाळता जेवली.

हरीभाऊंना काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते चहात बिस्किटं बुडवत होते. तिला ते दिसत होतं. त्यांच्यासाठी उठावं, असं तिला वाटलं. वाटू दिलं, आणि उठली नाही.

दुपार कलल्यावर ते तिच्या खुर्चीपाशी आले. शेजारची खुर्ची ओढून बसले.

"सगळ्यांसमोर असं बोलायचं होतं का?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत."

हरीभाऊंनी पोटावरून हात फिरवला. ते म्हणाले, "पोटात आग पडलीय."

"पडते. संध्याकाळपर्यंत कमी होते. मला माहितीये."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कधी विचारलंत? विचारलंत ते एवढंच, आज उपास ना."

हरीभाऊंनी मान खाली घातली. चारुलताला दया आली, आणि दया आली की माणूस पुन्हा गप्प बसतो हे ठाऊक असल्यामुळे तिने घाई केली. "अहो, ऐका. मला 'सावली' बंद करायचंय. नव्या खोल्या नकोत आणि जुन्यासुद्धा नकोत."

"तब्येत बरी नाही का?"

"ठणठणीत आहे. कंटाळा आलाय."

"कंटाळा?" एखाद्या नव्याच रोगाचं नाव घ्यावं तसं ते म्हणाले. "मालोजीला शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय. तुम्हाला बांधायचंय तर बांधा, चालवायचंय तर चालवा, आचारी ठेवा. मी मोडता घालणार नाही. पण मी त्यात नाही. मी त्या घरात राहीन आणि जेवायच्या वेळेला जेवेन."

"भागीचं काय? तिच्या पोटावर पाय आणायचा?"

"भागीला सगळी रिसॉर्टं बोलावतायत. तिनेच मला सांगितलं."

"म्हणजे भागीला माहितीये?"

"ओढ्यावरच्या बगळ्यांनासुद्धा माहीत असेल. तुम्हालाच नव्हतं."

आता ते चिडतील, असं तिला वाटलं. त्यासाठी तिने चार वाक्यं तयारही ठेवली होती. हरीभाऊ चिडले नाहीत. समुद्राकडे बघत राहिले. बेटावर आल्यापासून ते समुद्राकडे असे पहिल्यांदाच बघत होते.

"पाहुणे नसले तर आपण दोघं करायचं काय गं?" ते म्हणाले. आवाज वेगळाच होता. "मला भीतीच वाटते त्याची. इथे आल्यापासून बघतोय. तुझ्याशी काय बोलावं तेच सुचत नाही मला. काल फिरायला गेलो, सगळा वेळ मनात शोधत होतो. काही सापडेना. मग मी नळ बघतो. माळी बघतो."

चारुलताची तयार चार वाक्यं वाया गेली. तिला वाटलं होतं, हे फक्त आपल्यालाच कळलंय; ह्यांना काय, हे मजेत आहेत. म्हणजे काल त्या वाळूवरून दोघंही तेच शोधत चालली होती, एकमेकांना न सांगता.

"मलाही सुचत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? नाही सुचत तर गप्प बसू. पण नव्या खोल्या बांधून त्यात ते लपवायचं नाही."

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दिवस मावळेपर्यंत दोघं तिथेच बसले. मॅनेजर एकदा येऊन संध्याकाळच्या जेवणाचं विचारून गेला. हरीभाऊ उठून गेले, पण त्याला काय काय करायचं ते सांगून परत आले आणि बसले. संध्याकाळी मॅनेजरने कच्चाच भात वाढला. दोघांनी तो शेजारी शेजारी बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि दुपारची बोट सुटणार असं कळलं. जेट्टीवर ही गर्दी. रांगेत उभं असताना हरीभाऊंच्या फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला. मालोजी.

हरीभाऊंनी फोन उचलला. रांगेतून बाहेर जाऊन बोलतील, असं चारुलताला वाटलं. पैशाअडक्याचं ते नेहमी बाजूला जाऊन बोलत. ते जागचे हलले नाहीत.

"हां, बोल रे... नाही, खडी नको टाकूस... नाही, पुढच्या महिन्यातपण नको." पलीकडून मालोजी बराच वेळ काहीतरी विचारत होता. हरीभाऊ कान लावून ऐकत होते आणि मोकळ्या हाताने कपाळ चोळत होते. "कारण काय म्हणजे? बायकोला नकोय. हो, बायकोला नकोय म्हणून. मग काय झालं? तुला तुझी बायको कधी नाही म्हणत नाही का? शब्द मोडला म्हण, काय म्हणायचं ते म्हण. आल्यावर भेटतो."

त्यांनी फोन खिशात टाकला. एरवी ते सगळ्यांना सांगत, आम्ही दोघांनी ठरवलंय. तेव्हा ते एकट्याने ठरवलेलं असे.

"शिमग्यापर्यंतची माणसं घेऊन बसलोय मी," हरीभाऊ म्हणाले. "त्यांना नाही कसं म्हणू? तेवढं करू दे मला. हवं तर आचारी बघतो. मग बंद."

"शिमग्यापर्यंत," चारुलता म्हणाली. "मी पुढे एक दिवस देणार नाही. आणि आचारी आणा."

"आणतो म्हटलं ना."

बोटीत दोघांना खिडकीपाशी जागा मिळाली. बेट मागे सरकायला लागलं, आधी जेट्टी, मग नारळ, मग नुसती हिरवी रेघ. हरीभाऊ बोटीचं इंजिन, पंखे, खलाशी, कशाकडेही बघत नव्हते. हात मांडीवर ठेवून बसले होते. काहीतरी शोधतायत, हे तिला कळत होतं. तिने मदत केली नाही. बऱ्याच वेळाने ते तिच्याकडे वळले.

"चारू, तुला खायला नक्की काय आवडतं गं?"

बिरडं म्हणून ती बोलणारच होती. पण बिरडं ठाण्याच्या लोकांना आवडायचं. सोड्याची खिचडी हरीभाऊंना. निवेदिताला घावन. तिला स्वतःला? तिने खिडकीबाहेर पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना, आणि ह्याचं तिला इतकं नवल वाटलं की ती हसायला लागली.

"सांग ना," हरीभाऊ म्हणाले.

"थांबा हो जरा. विचार करू द्या."

आणि ती खरोखरच विचार करू लागली.